दंडावरची देवी

होळीपासूनचे सहा दिवस केदारखेड्यात कडूबाशिवाय दुसरं कोणी बोललंच नाही म्हटलं तरी चालेल. होळीच्या सकाळी देवीडॉक्टर आपल्या पांढऱ्या तट्टावर बसून गावात आला, पारावर त्यानं पेटी उघडली, आणि सगळं गाव चार हात लांब उभं राहून बघत असताना कडूबा अडीच वर्षांच्या सगुणीला काखेला मारून तडक पुढं गेला. डॉक्टरनं पोरीच्या दंडावर दोन जागी टोचलं. पोर रडली, बाया हळहळल्या, आणि कडूबा गावाकडं तोंड करून समजावून सांगू लागला की मोठी देवी येऊन पोर नासवण्यापेक्षा अशी चिमूटभर देवी आपणच अंगात घालून घेतली तर मोठी पुन्हा उंबऱ्याला शिवत नाही. डॉक्टर त्याच्या पाठीमागून आणखीही काही सांगत होता. पण कडूबाचं तोंड चालू असलं की त्याचे कान बंद असतात हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं; डॉक्टर बिचारा परका माणूस.

कडूबाला बोलायचा हक्क मात्र होता. त्याच्या वयाच्या सातव्या वर्षी देवी आली ती त्याच्या तोंडाची चाळण करून आणि डावा डोळा घेऊन गेली. त्याच साथीत त्याची माय गेली. यंदा पूर्णा नदीपलीकडच्या दोन गावांत देवीचा फेरा सुरू झाल्याचं कानावर आलं, तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन नव्हतं. सगुणी काही फार देखणी होती असं नाही, पण तिचं तोंड गुळगुळीत होतं आणि तिला दोन डोळे होते. ते तसंच राहावं, एवढंच त्याला हवं होतं.

हे थोरल्या भावाला, पुंजारामला, पटण्यासारखं नव्हतं. पुंजाराम देवीला देवी म्हणत नसे, आई म्हणत असे, आणि तेही हात जोडून. त्याचं म्हणणं असं की आई आपल्या घरात आली, माय घेऊन गेली, पण धाकटा भाऊ ठेवून गेली. तिचे उपकार मानायचे सोडून तिला सुईनं टोचून घरात आणायची, म्हणजे पाहुणीला वेणी धरून ओढून आणण्यासारखं झालं. पोरीला टोचलंस तर माझ्या घरात पाय ठेवायचा नाही, असं तो बजावून मोकळा झाला होता. कडूबानं टोचून आणली. त्याच संध्याकाळी पुंजारामनं दोघांच्या सामाईक अंगणात मधोमध बाभळीच्या काट्या आणून टाकल्या, आणि एका घराची दोन घरं झाली.

काट्यांचं कडूबाला एवढं लागलं नाही. लागलं ते वहिनीचं. पुंजारामची बायको द्वारकाबाई तेरा वर्षांची असताना या घरात आली, आणि सासू गेल्यावर आईविना दिराला तिनंच वाढवला. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. सगुणी जन्मल्यापासून सख्ख्या मायपेक्षा तिच्याच कडेवर जास्त असे. तिला ती ‘मोठी माय’ म्हणे. आणि अशी ही वहिनी, पुंजाराम काट्या टाकत असताना दारात उभी होती आणि एक अक्षर बोलली नव्हती. कडूबानं मनाशी ठरवलं की आता ते दार आपल्याला मेलं. मग तो सहा दिवस गावभर नाकानं कांदे सोलत हिंडला. भेटेल त्याला सांगे की पाहा, पोर खेळून राह्यली, हसून राह्यली, काय केलं टोचण्यानं?

सातव्या दिवशी सकाळी त्याची बायको नंदाबाई पोरीला उठवायला गेली आणि तिनं हात मागं घेतला. सगुणीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. दंड लालबुंद सुजला होता, आणि टोचल्या जागी दोन टपोरे फोड उभे राहिले होते, पाण्यानं भरलेले, मधोमध खळी पडलेले. असे फोड कडूबानं जन्मात एकदाच पाहिले होते, स्वतःच्या अंगावर. त्याची पाचावर धारण बसली. सहा दिवसांची सगळी भाषणं एका क्षणात त्याच्या तोंडातून उतरली आणि त्या जागी दोनच शब्द आले. तो हात जोडून म्हणाला, “आई आली.”

नंदाबाई तर त्याच्या आधीच कडुलिंबाचा ढाळा आणायला पळाली होती.

घरात आई आली की घर कसं वागवायचं हे कोणाला शिकवावं लागत नसे. दाराला कडुलिंब लावायचा. फोडणी बंद, तेलाचा वास आईला सोसत नाही. केस विंचरायचे नाहीत, दाढी करायची नाही, वहाणा उंबऱ्याबाहेर. ताप म्हणायचं नाही, आजार म्हणायचं नाही. पोर म्हणजेच आई, आणि ती जे मागेल ते द्यायचं. तिला ‘नाही’ म्हटलं की ती रुसते, आणि रुसली की डोळा नेते. हा शेवटचा नियम कडूबाला पाठ होता. आपण लहानपणी तापात काहीतरी मागितलं असेल आणि ते कोणाला देता आलं नसेल, म्हणून आपला डोळा गेला, असं त्याला कायम वाटत आलं होतं. काय मागितलं होतं ते मात्र त्याला आठवत नसे.

तो पोरीच्या उशाशी दोन्ही गुडघे टेकून बसला आणि आई, काय पाहिजे, असं अदबीनं विचारू लागला.

सगुणीनं डोळे उघडले. तिचे ओठ सुकले होते. ती म्हणाली, “मोठी माय.”

नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं नाही. नंदाबाई चूल फुंकू लागली. त्या दारी जायचं म्हणजे भावापुढं उभं राहून सांगायचं की तू म्हणत होतास तेच झालं, मी टोचली म्हणून आई कोपली. त्यापेक्षा पूर्णा उलटी वाहिलेली त्याला परवडली असती. त्यानं आईची माफी मागितली आणि आवाज गोड करून विचारलं, अजून काय पाहिजे? पोरीनं थोडा वेळ विचार केला, आणि गाठी मागितली.

साखरेची गाठी होळीच्या दिवसांत कोणत्याही दुकानात टांगलेली असते. कडूबा असा काही उठला की जणू आईनं त्याला फाशीवरून उतरवलं. तो अनवाणी धावत रामनिवास मारवाड्याच्या दुकानी गेला. रामनिवास जालन्याच्या पेठेत गेलेला, घरात त्याची बायको सायरबाई होती, आणि तिची चूल त्या दिवशी थंड होती. त्यांच्यात होळीनंतरची सप्तमी शीतला मातेची. आदल्या दिवशी रांधलेलं शिळं, थंडगार अन्न मातेला दाखवायचं आणि तेच सगळ्यांनी खायचं, चूल पेटवायचीच नाही. सगुणीला आई आल्याचं ऐकताच सायरबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. माता आपल्या वारालाच, आपल्या पायांनी गावात आली, एवढं भाग्य तिनं सात पिढ्यांत ऐकलं नव्हतं. तिनं गाठी उतरवली, वर ताकात शिजवून निवलेली बाजरीची राब वाटीत घेतली, आणि कडूबाच्या पुढं तीच चालू लागली.

दहा मिनिटांत ही बातमी गावभर झाली. अंगणात बायांची रीघ लागली. कोणी नारळ घेऊन आलं, कोणी थंड भात, कोणी नुसताच हात जोडायला. सगुणी गाठीचं एक पदक चोखत सगळ्यांकडं तापलेल्या डोळ्यांनी बघत होती. सायरबाईनं तिला राबेचे चार घोट पाजले, आणि ते पोटात राहिले. कडूबाला वाटलं, जमलं. पण सगुणीनं गाठी बाजूला ठेवली, आणि ती पुन्हा म्हणाली, “मोठी माय.”

“वासरू पाहिजे का?” कडूबा घाईघाईनं म्हणाला.

पोरीनं मान हलवली. ती होकाराची होती की तापाची, हे कोणाला कळलं नाही, पण कडूबानं होकारात घेतली. गोठ्यातलं महिन्याचं वासरू त्यानं खांद्यावर टाकून घरात आणलं. ते आधी बिथरलं, मग उतरंडीचं एक मडकं पाडलं, मग एका बाईच्या नैवेद्यातला भात खाल्ला. बाया हसून हसून बेजार झाल्या आणि हसलो म्हणून तोंडावर हात मारून घेऊ लागल्या. सगुणीही हसली. तिनं वासराच्या ओल्या नाकाला बोट लावलं. नंदाबाईनं चार दिवसांचं दूध वासराला सोडायचा नवस बोलून टाकला, तिच्या आनंदाला तेवढीच वाट होती.

हसू ओसरलं. पोरीनं बाभळीच्या काट्यांच्या दिशेनं तोंड वळवलं आणि तिसऱ्यांदा तेच मागितलं. आता बायांनीही ऐकलं. सायरबाईनं कडूबाकडं रोखून पाहिलं. माता मागून राह्यली आणि तू देऊन नाही राह्यला, एवढं त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं.

कडूबाच्या कपाळावर घाम आला. पोरीला बरं वाटेल असं या गावात आणखी काय आहे, याचा तो जीव तोडून विचार करू लागला, आणि त्याला आठवलं: होळीच्या सकाळी टोचून झाल्यावर रडता रडता ती डॉक्टरच्या तट्टाकडं बोट दाखवत होती. “घोडा पाहिजे? डागदराचा पांढरा घोडा?” त्यानं विचारलं. सगुणीच्या डोळ्यांत खरोखरच काहीतरी चमकलं. मग काय विचारता. कडूबा काट्यांकडं पाठ करून नदीकडं पळत सुटला.

डॉक्टर त्या दिवशी पूर्णेपलीकडच्या गावात टोचलेली पोरं तपासत होता आणि दुसऱ्या दिवशी केदारखेड्याला यायचा होता. फाल्गुनातली पूर्णा म्हणजे घोट्याएवढं पाणी आणि तापलेली वाळू. कडूबा ती वाळू, मळ्यांचे बांध आणि ज्वारीची खळी ओलांडत दीड कोस पळाला. तिथल्या चावडीत डॉक्टर भाकरीचा पहिला घास घेत असताना तो दारात उभा राहिला, धापा टाकत, केस विस्कटलेले, अंगावर वासराचं शेण, आणि म्हणाला की साहेब, तट्टू द्या.

डॉक्टर हैदराबादेकडचा माणूस, स्वभावानं शांत. त्याला वाटलं, कोणी अडलेला रोगी असेल. तो पेटी उचलू लागला. कडूबानं त्याला अडवलं. डॉक्टर नको, नुसतं तट्टू हवं, संध्याकाळच्या आत आणून देतो, असं तो हातापाया पडून सांगू लागला. डॉक्टरनं विचारलं, कशाला? तेव्हा कुठं कडूबानं सगळं सांगितलं: सातवा दिवस, ताप, दोन फोड, आई, गाठी, वासरू. ऐकता ऐकता डॉक्टरच्या तोंडावर असं काही हसू पसरलं की कडूबाला त्याचा राग आला. भाकर तशीच फडक्यात बांधून डॉक्टर उठला. तट्टू मालकाशिवाय पाऊल उचलत नाही, असं त्यानं सांगितलं. ते खरं होतं की नाही, ते तट्टूच जाणे.

घरी आल्यावर डॉक्टरनं वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या, तेवढ्यानं बाया निवल्या. आत येऊन त्यानं आधी पोरीच्या अंगावरच्या दोन गोधड्या काढून बाजूला टाकल्या. मग दंड हातात घेऊन उजेडाकडं धरला, फोडांना बोट न लावता नीट न्याहाळला, आणि एखादा जवाहिऱ्या खूश व्हावा तसा खूश झाला.

“बहुत उम्दा आया, भाई. दोनों के दोनों,” तो म्हणाला. “बुखार तो आनाच था. मैं उसी दिन बोला ना तुमको? घबराओ नक्को. ये बच्ची को अब माता नहीं आती, जनमभर.”

कडूबा त्याच्या तोंडाकडं बघतच राहिला. डॉक्टरनं पुन्हा एकदा, पोराला सांगावं तसं सांगितलं: टोचणं लागू पडलं की सातव्या-आठव्या दिवशी अंग तापतं, दोन दिवसांत आपोआप उतरतं. ताप येणं हीच लागू पडल्याची खूण. अंगावर पांघरूण घालू नका, कपाळाला आणि तळव्यांना गार पाण्याचं फडकं फिरवा, घोट घोट पाणी, ताक, पेज पाजत राहा. फोड फोडू नका, खाजवू देऊ नका, शेण-राख लावू नका. खपली आपली आपण पडेल. ताप उतरला नाही किंवा पोर निपचित पडली तर मी आज इथल्याच चावडीत मुक्कामाला आहे, मध्यरात्री उठवा. एवढं सांगून त्यानं सगुणीला उचलून बाहेर नेलं आणि तट्टाच्या आयाळीला हात लावू दिला. तट्टानं तिच्या हातावर श्वास सोडला, ती खुदकन हसली.

कडूबाला आकाश ठेंगणं झालं. तो दोनदा अंगणातल्या अंगणात गोल फिरला. पोर वाचली, नुसती वाचली नाही, जनमभरासाठी वाचली, आणि टोचली ती त्यानं, सगळ्या गावाविरुद्ध, सख्ख्या भावाविरुद्ध. त्याला हे ताबडतोब पुंजारामला सांगायचं होतं. आता का सांगू नये? आता तर जायलाच हवं. पोरीनं नंदाबाईच्या खांद्यावर डोकं टाकून चौथ्यांदा मोठी माय मागितली ती त्यानं ऐकलीही नाही. तो गल्लीनं वळसा घालून भावाच्या दाराकडं निघाला, आणि वाटेत वाक्यं जुळवत गेला. आधी डॉक्टरचं नाव घ्यायचं. मग ‘जनमभर’ म्हणायचं. मग काट्या कोण उचलणार ते विचारायचं.

पुंजाराम ओट्यावर जेवायला बसला होता. त्याच्यापुढं ताट होतं, पण त्यानं घास मोडला नव्हता. ताटात भाकरी होती आणि नुसतं वरण, पांढरं, फोडणीशिवायचं. त्याच्या वहाणा दाराबाहेर होत्या. केस विस्कटलेले होते. त्याच्यामागं चौकटीला धरून द्वारकाबाई उभी होती, तिच्याही केसांना सकाळपासून फणी लागलेली नव्हती. काट्यांपलीकडं दाराला लावलेला कडुलिंब त्यांनी पाहिला होता, आणि कोणी न सांगता, कोणी न बोलावता, या घरानंही सकाळपासून आई पाळली होती.

द्वारकाबाई कडूबाच्या तोंडाकडं बघत होती. तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडलेला होता, आणि तो कडूबाला दिसला.

त्याची जुळवलेली वाक्यं जिथल्या तिथं राहिली. त्याला लख्ख कळलं की मी जिंकलो असं आत्ता म्हटलं, तर पुंजाराम हे ताट ढकलून आत जाईल, दार लावून घेईल, आणि त्या दारामागं ही बाईसुद्धा बंद होईल. जिंकणं तर हातात आलेलं होतं. उभ्या जन्मात कडूबानं हातात आलेलं बोलणं कधी सोडलं नव्हतं. त्यानं ते सोडलं.

“दादा, तुमीच बराबर होता,” तो म्हणाला. “घरी आई आली. सकाळपासून वैनीला मागून राह्यली. मी दुसरंच देत बसलो. मंग आता तुमच्या दारात आलो.”

पुंजारामनं ताटाला हात जोडले आणि तो उठला. आईचं मागणं म्हटल्यावर त्याच्या हातात काही राहिलं नव्हतं. तो बायकोकडं वळून काही म्हणणार, तर द्वारकाबाई जागेवर नव्हती. ती गल्लीनं गेली नाही. मागच्या दारानं अंगणात उतरली, पदर खोचला, आणि बाभळीच्या काट्यांमधून सरळ आरपार गेली. तिचं लुगडं तीन ठिकाणी फाटलं, पोटरीतून रक्त आलं, ते तिनं पाहिलंसुद्धा नाही. सगुणीनं तिला पाहिलं आणि दोन्ही हात पुढं केले, दुखरा हातही.

त्यानंतर त्या घरात कोणाला धावपळ करावी लागली नाही. द्वारकाबाईनं पोरीला मांडीवर घेतलं, तिचा दंड मोकळा ठेवला, माठातल्या पाण्यात जुनेरं भिजवून कपाळावर, मानेवर, तळव्यांवर फिरवायला घेतलं. दर थोड्या वेळानं शिंपल्यानं दोन घोट पाणी, मग दोन घोट ताक. नंदाबाईला तिनं ज्वारीची पातळ पेज करायला लावली आणि बायांना वारा सोडा म्हणून उठवलं. ती हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होती. सगुणीनं तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि झोपून गेली. सकाळपासून ती पहिल्यांदा झोपली होती.

पुंजाराम उंबऱ्याशी आला. बराच वेळ हात जोडून उभा राहिला. मग वाकून त्यानं पोरीचा दंड पाहिला, तोंड पाहिलं, पाय पाहिले, पुन्हा दंड पाहिला. कुठंही तिसरा फोड नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक विचार उगवला. कडूबा टक लावून बघत होता, कारण भावाच्या चेहऱ्यावर विचार उगवणं हा काही रोजचा प्रकार नव्हता. पुंजाराम वळला आणि अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की आई आली खरी, पण दंडावरच बसली. तोंडाला तिनं हात लावला नाही. ज्याला तिनं एकदा छळलं, त्याच्या पोरीला तिनं सोडलं. आपणहून बोलावली म्हणून आई मानानं आली आणि ओसरीवरूनच परत जाऊन राह्यली.

संध्याकाळपर्यंत ही हकिकत त्यानं पारावर दोनदा आणि अंगणात तिसऱ्यांदा सांगितली, दरवेळी थोडं तिखटमीठ लावून. तिसऱ्या वेळेला तर उद्या डॉक्टरपुढं पोरं कोणाच्या मागं कोण उभी करायची, याचीही वाटणी तोच करू लागला. काल डॉक्टरच्या नावानं बोटं मोडणाऱ्या बाया आता आमच्या पोराच्या दंडावर आई बसंल का म्हणून त्याला विचारत होत्या, आणि तो जसा काही आईचा कारभारी, तसा मान हलवत होता.

आत कडूबाच्या जिभेला खाज सुटली होती. हे सगळं त्यानं सहा दिवस ओरडून सांगितलं होतं, तेव्हा एका माणसानं ऐकलं नव्हतं. तो दोनदा उठला, दोनदा बसला. दिवस मावळला. सगुणीच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले, आणि द्वारकाबाईनं ते जुनेरानं टिपले. तिनं त्याचा हात ओढून पोरीच्या मानेला लावला. अंग निवत चाललं होतं. कडूबाला आनंदानं राहवेना, आणि त्या आनंदात पोटातलं तेही बाहेर पडलं.

“वैनी, मी दादापाशी खोटं बोललो,” तो म्हणाला. “आई न्हाई आली. टोचल्याचा ताप हाय. डागदरानं सांगितलं होतं, मला ठाऊक होतं.”

द्वारकाबाईनं जुनेरं पिळलं. “मला बी ठाऊक हाय.”

“कधीपासून?”

“हात लावला तवापासून. तुझ्या अंगावरली आई म्या एकवीस दिवस उशाला बसून पाह्यली, कडू. तिचा ताप कसा असतो, ते मला सांगतोस का?”

कडूबानं हळूच विचारलं की ठाऊक होतं, तर मग तसंच उठून परत का नाही गेलीस.

“सहा दिवस काट्यांआडून पोरीचा आवाज ऐकून राह्यले होते,” द्वारकाबाई म्हणाली. “ह्यांच्या शब्दाबाहेर जाता येत न्हाई, आन् तू तर दाराकडं बघत बी न्हाईस. कोणीतरी बलवील, कोणीतरी बलवील, म्हणून बसले. तू काय सांगून बलवलंस, ते घेऊन मी काय करू? बलवलंस ना?”

कडूबाला एकदम रडू फुटलं, अगदी सात वर्षांच्या पोरासारखं, आवाज करून. द्वारकाबाईनं त्याच्या खडबडीत गालावरून ओला हात फिरवला आणि त्याला थोडा वेळ रडू दिलं. मग पोर जागी होईल, बाहेर जाऊन रड, असं म्हणाली.